शिक्षकांचे प्रश्न : चाचण्या, निकाल आणि मुलांचे मन

दुसरे सत्र सुरू झाले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. जूनमध्ये प्रवेश, पटसंख्या आणि गणवेश यांविषयी विचारणारे शिक्षक आता चाचण्या, गुणनोंदणी आणि निकाल यांविषयी लिहू लागतात. या वेळी पुणे शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या बहुतेक पत्रांत परीक्षेचा प्रश्न आणि मुलाच्या मनाचा प्रश्न एकाच दमात विचारलेला दिसला, आणि ते मला योग्य वाटते, कारण वर्गात हे दोन प्रश्न कधीच वेगळे नसतात. त्यांतील काही पत्रे येथे घेतली आहेत. शिक्षकांची आणि मुलांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : मी हडपसर भागातील महापालिकेच्या शाळेत पाचवीला शिकवते. पालकसभेत एका वडिलांनी विचारले, "मॅडम, आठवीपर्यंत नापास करत नाहीत ना? मग माझ्या मुलाला तुम्ही परीक्षेची भीती का घालता?" मला त्यांना नेमके उत्तर देता आले नाही. माझ्या वर्गात काही मुले अशी आहेत की ज्यांना अजून सलग वाचता येत नाही. नियम नेमका काय आहे आणि या मुलांचे काय करावे?

उत्तर : मॅडम, त्या वडिलांची समजूत एके काळी बरोबर होती. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातील (शिक्षण हक्क कायद्यातील) कलम १६ नुसार आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला मागे ठेवता येत नव्हते. २०१९ मध्ये संसदेने या कलमात दुरुस्ती करून पाचवी आणि आठवीच्या अखेरीस परीक्षा घेण्याची आणि त्यात अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवायचे की नाही हे ठरवण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपले नियम त्याप्रमाणे बदलले आणि २०२३-२४ या वर्षापासून ही वार्षिक परीक्षा सुरू झाली. पाचवीसाठी प्रत्येक विषयाची परीक्षा ५० गुणांची असून उत्तीर्ण होण्यासाठी १८ गुण लागतात, तर आठवीसाठी ती ६० गुणांची असून २१ गुण लागतात. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांचे मूल्यमापन पूर्वीच्याच पद्धतीने होते.

आता पालकांना जो भाग आवर्जून सांगायला हवा तो असा, की वार्षिक परीक्षेत कमी पडलेल्या मुलाला शाळेने अतिरिक्त मार्गदर्शन द्यायचे असते आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत त्याची पुनर्परीक्षा घ्यायची असते. त्यातही तो उत्तीर्ण झाला नाही तरच तो पाचवीत राहतो, आणि तसे झाले तरी प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याला शाळेतून काढून टाकता येत नाही. हे एवढे शांतपणे सांगितले तर घरात जी अर्धवट माहिती फिरत असते तिला आळा बसतो.

हडपसर, मांजरी, वाघोली या पट्ट्यात आपल्या वर्गातील अनेक मुलांचे आईवडील बांधकामावर किंवा रोजंदारीवर असतात आणि परीक्षा संपताच कुटुंब गावी जाते. मूल पुनर्परीक्षेला हजरच नसेल, तर नियमातील ती संधी कागदावरच राहते. त्यामुळे सुट्टी लागण्यापूर्वीच गावाकडचा एक चालू दूरध्वनी क्रमांक, शक्यतो आजी-आजोबांचा किंवा शेजाऱ्यांचा, लिहून ठेवावा आणि पुनर्परीक्षेची तारीख ठरताच पालकांना ती समक्ष किंवा दूरध्वनीवरून कळवावी. केवळ समूहावर सूचना टाकून हे काम होत नाही.

सलग न वाचणाऱ्या मुलांविषयी मी आपल्याला एवढेच सुचवेन की एप्रिलच्या निकालाची वाट पाहू नये. ही मुले कोण आहेत हे आपल्याला आजच ठाऊक आहे. अतिरिक्त मार्गदर्शन निकालानंतरच द्यावे असे कोणी म्हटलेले नाही, म्हणून ते जानेवारीपासूनच सुरू करावे. रोज वीस-पंचवीस मिनिटे, चार-पाच मुलांचा गट, पाचवीचे पुस्तक बाजूला ठेवून दुसरी-तिसरीच्या पातळीचा मजकूर मोठ्याने वाचणे आणि त्यावर बोलणे, इतके साधे काम पुरेसे असते. "वाचलं नाहीस तर नापास होशील" हे वाक्य मात्र या मुलांसमोर वापरू नये. ज्याला वाचताच येत नाही त्याला धाक घालून वाचता येत नाही. तो फक्त शाळेत यायचे टाळू लागतो.

प्रश्न : सिंहगड रस्ता परिसरातील एका खासगी शाळेत मी माध्यमिक वर्गांना शिकवतो. सहामाहीच्या गुणांनुसार नववीच्या मुलांच्या तुकड्या नव्याने पाडाव्यात आणि प्रत्येक चाचणीनंतर गुणानुक्रमे यादी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर टाकावी, असे व्यवस्थापनाचे म्हणणे आहे. "पालकांनाच हे हवे आहे," असे आम्हाला सांगितले जाते. मला हे पटत नाही, पण विरोध कोणत्या आधारावर करावा?

उत्तर : सर, आधार भक्कम आहे. विशाखापट्टणम येथील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूसंबंधीच्या प्रकरणात, सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निकालात देशातील सर्व शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या आहेत आणि या विषयावर कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक राहतील असे म्हटले आहे. गुणांच्या आधारे मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडणे, त्यांची जाहीर मानहानी करणे आणि त्यांच्या कुवतीबाहेरची उद्दिष्टे त्यांच्यावर लादणे हे संस्थांनी, विशेषतः खासगी शिकवणी वर्गांनी, शक्य तितके टाळावे, असे त्यांत स्पष्टपणे नमूद आहे. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा मानसिक आरोग्याविषयी प्रशिक्षण द्यावे, अशाही सूचना त्या निकालात आहेत. याशिवाय चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या बाबतीत शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई करते. यादीत चाळिसावे नाव आपल्या मुलाचे आहे हे सगळ्या सोसायटीने वाचणे हा छळ नाही, असे म्हणणे मला तरी कठीण वाटते.

व्यवस्थापनाशी बोलताना केवळ नकार घेऊन जाऊ नये, पर्याय घेऊन जावे. पालकांना जे हवे असते ते म्हणजे आपल्या पाल्याची खरी स्थिती. ती त्यांना खुल्या दिवशी, उत्तरपत्रिका समोर ठेवून, स्वतंत्रपणे सांगता येते. शिकवण्याच्या सोयीसाठी गट पाडायचेच असतील, तर ते एखाद्या घटकापुरते, उदाहरणार्थ बैजिक राशींच्या अवयवांपुरते, आणि पंधरा दिवसांपुरते पाडावेत. त्या गटातील मुलगी भूमितीच्या वेळी दुसऱ्या गटात असू शकते, हे मुलांनाही दिसते. कायमची "ब" तुकडी मात्र मुलाच्या मनात दहावीनंतरही राहते, आणि त्या तुकडीला शिकवणाऱ्या शिक्षकाच्या अपेक्षाही नकळत खाली येतात. पुण्यातील नावाजलेल्या शाळांत हा प्रकार "निकाल सुधारण्याची योजना" म्हणून चालतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : मी मुळशी तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला मराठी शिकवतो. चाचणीत "माझे कुटुंब" या विषयावर निबंध होता. एका मुलीने सुरुवात नेहमीसारखी केली, पण शेवटी लिहिले, "मी नसते तर घरातल्या सगळ्यांना बरं झालं असतं. कधी कधी वाटतं, उद्या उठूच नये." सहकारी म्हणतात की मुली मालिका पाहून असे लिहितात. मी पेपर अजून दिलेला नाही. गुण किती द्यावेत, पालकांना सांगावे का, काहीच सुचत नाही.

उत्तर : सर, आपण ते वाक्य वाचून थांबलात, याचा अर्थ पहिले आवश्यक काम झाले आहे. हे पत्र मिळताच मी आपल्याला दूरध्वनीवरून कळवले होतेच, परंतु असा पेपर उद्या आणखी कोणाच्या हातात येईल, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

गुणांचा प्रश्न सोपा आहे. निबंधाची भाषा, मांडणी आणि शुद्धलेखन यांचे नेहमीच्या निकषांवर गुण द्यावेत. त्या शेवटच्या वाक्यांखाली लाल रेघ ओढू नये आणि "असे नकारात्मक लिहू नये" असा शेराही मारू नये. त्या मुलीने एका मोठ्या माणसाला काही सांगितले आहे, आणि त्याला उत्तर म्हणून शेरा आला, तर ती पुन्हा कोणालाच काही सांगणार नाही. हा पेपर वर्गात वाटण्यापूर्वी तिच्याशी बोलणे झालेले असले पाहिजे, आणि तोवर तो शिक्षककक्षात इतरांच्या वाचनात येऊ नये.

बोलणे त्याच दिवशी व्हावे. शाळेत तिला जवळची वाटणारी एखादी शिक्षिका असेल तर तिने बोलावे. आपण स्वतः बोलणार असाल तर जागा अशी असावी की इतरांना आपण दिसाल, पण बोलणे ऐकू जाणार नाही. प्रस्तावना लांबवू नये. "तुझा निबंध मी वाचला. शेवटची दोन वाक्यं वाचून मला तुझी काळजी वाटली. तुला कधी जगू नये असं वाटतं का?" इतके सरळ विचारावे. असे थेट विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट, विचारणारे कोणी भेटले की बहुतेक मुलांना सुटल्यासारखे वाटते. त्यानंतर आपण कमी बोलावे. "आईवडील तुझ्यासाठी किती कष्ट करतात", "तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतली मुलं बघ" ही वाक्ये कितीही सद्भावनेने म्हटली तरी त्या क्षणी मुलीला तिचाच अपराध वाटायला लावतात. आणि "मी कोणालाही सांगणार नाही" असे वचन देऊ नये. "तुला सुरक्षित ठेवण्यासाठी ज्यांना सांगणं गरजेचं आहे त्यांनाच मी सांगेन, आणि सांगण्याआधी तुला विचारात घेईन," हे वचन पाळता येते.

तिच्या बोलण्यातून जिवाला धोका आहे असे वाटले, म्हणजे ती कसे आणि केव्हा याविषयी बोलली किंवा तिने आधी काही करून पाहिले असल्याचे कळले, तर तिला क्षणभरही एकटे सोडू नये, पालकांना शाळेत बोलावून घ्यावे आणि त्यांच्याबरोबरच वैद्यकीय मदतीची व्यवस्था करावी. टेली-मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे. तेथे शिक्षकही दूरध्वनी करून पुढे काय करावे हे विचारू शकतात. प्रत्यक्ष उपचारासाठी ससून रुग्णालयाचा मनोविकार विभाग आणि येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग ही सार्वजनिक ठिकाणे पुण्यात आहेत. "येरवडा" हे नाव ऐकून पालक बिचकतात, म्हणून बाह्यरुग्ण विभागात सल्ला घेणे म्हणजे दाखल होणे नव्हे, हे त्यांना आधीच समजावून सांगावे लागते.

पालकांना सांगावे का, हा आपला प्रश्न रास्त आहे. सर्वसाधारणपणे सांगावेच, पण निबंध त्यांच्या हातात देऊन नव्हे. "मुलीने आमच्याबद्दल काय लिहिले" अशा सुरात ते घरी गेले, तर रात्री काय होईल याची कल्पना करावी. आपण तिच्याविषयी वाटलेली काळजी सांगावी आणि पुढच्या दोन-तीन पायऱ्या ठरवून द्याव्यात. अपवाद एकच : घरात मारहाण किंवा लैंगिक अत्याचार होत असल्याचे तिच्या बोलण्यातून कळले, तर तिला त्याच घरी जाऊन "विचारपूस" करणाऱ्यांच्या हाती सोपवता येत नाही. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शक्यता कळलेल्या प्रत्येक व्यक्तीवर पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे, आणि न कळवणे हा कलम २१ नुसार स्वतंत्र गुन्हा आहे. शाळेने स्वतः चौकशी करून खात्री पटल्यावरच कळवावे, असे कायद्यात कोठेही म्हटलेले नाही. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक येथे उपयोगी पडतो. मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार आपल्या शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असली पाहिजे. तिची पुढची बैठक होईपर्यंत मात्र थांबायचे नसते.

जे बोलणे झाले आणि जे केले त्याची तारखेसह थोडक्यात नोंद करून ती मुख्याध्यापकांच्या ताब्यात बंद ठेवावी. आणि पुढील काही आठवडे तिच्याशी रोज काहीतरी साधे बोलावे, डबा खाल्ला का, खो-खोच्या संघात आहेस का, एवढेच.

आपले सहकारी मालिकांचा दाखला देतात, त्यांना माझे सांगणे असे की वाक्य कोठून उचलले हे शोधण्यापेक्षा ते तिने या वेळी, या विषयाखाली, गुण देणाऱ्या शिक्षकासाठी का लिहिले, हे विचारण्याची जबाबदारी आपली आहे.

प्रश्न : जुन्नर तालुक्यातील आमच्या द्विशिक्षकी शाळेत नियतकालिक चाचणी आली की दोन आठवडे शिकवणे थांबते. पेपर घ्या, तपासा, चॅटबॉटवर, म्हणजे गुणनोंदणीच्या ऑनलाइन व्यवस्थेवर, गुण भरा. गुण भरले की विषय संपतो. याचा मुलांना काय उपयोग?

उत्तर : गुरुजी, तक्रार खरी आहे. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फत २०२३-२४ पासून होणाऱ्या या चाचण्यांचा हेतू मुलांच्या अध्ययनातील उणिवा शोधणे हा आहे, आणि गुण भरण्याच्या अंतिम तारखेच्या घाईत नेमका तोच बाजूला पडतो. नोंदणीचा भार दोन शिक्षकांवर किती पडतो, हे आपल्या केंद्राच्या (परिसरातील शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत लेखी मांडावे आणि शेजारच्या शाळांनाही बरोबर घ्यावे.

तथापि गुण भरण्यापूर्वी उत्तरपत्रिका एकदा वेगळ्या नजरेने वाचाव्यात. समजा, ५०३ वजा २७८ या उदाहरणाचे उत्तर काही मुलांनी ३७५ लिहिले आहे. चॅटबॉटला त्यात शून्य गुण दिसतात. आपल्याला मात्र दिसेल की या मुलांनी प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे : आठातून तीन, सातातून शून्य, पाचातून दोन. त्यांना वजाबाकी येते, पण दशकाच्या जागी शून्य असताना शतक सुटे करून दशक आणि त्यातून एकक कसे मिळवायचे, हे येत नाही. त्यांना आणखी पन्नास उदाहरणे घालून उपयोग नाही. काड्यांचे गठ्ठे किंवा शंभर आणि दहाच्या खेळण्यातील नोटा हातात देऊन एक गठ्ठा सोडवून दाखवला, की दोन तासिकांत फरक पडतो. त्याचप्रमाणे शाब्दिक उदाहरण चुकलेल्या मुलाला ते आपण मोठ्याने वाचून दाखवावे. ऐकून त्याने बरोबर सोडवले, तर अडचण वाचनाची आहे आणि गणिताच्या तासाला ती सुटणार नाही.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तिसरी-चौथीसाठी आकारिक (शिकवता शिकवता केलेल्या) मूल्यमापनाला ६० टक्के आणि संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाला ४० टक्के भारांश आहे. म्हणजे लेखी पेपरापेक्षा आपल्या रोजच्या निरीक्षणाला शासनानेच अधिक वजन दिले आहे. वर वर्णन केलेले वाचन हेच ते निरीक्षण. त्याची एक ओळीची नोंद, "शून्य असताना हातचा घेता येत नाही, काड्यांनी जमले," ही पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला अठ्ठावन्न टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त सांगते.

प्रश्न : आमच्या शाळेत आनंददायी शनिवारच्या तासिका सराव चाचण्यांसाठी वापरल्या जातात. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. पहिली ते आठवीसाठीचा हा उपक्रम २०२४ मध्ये मुलांवरील ताण कमी व्हावा याच हेतूने सुरू झाला. त्या तासिकेत चाचणी घेणे हे त्या हेतूच्या थेट विरुद्ध आहे. सरावासाठी वेळ कमी पडत असेल तर सराव चाचण्यांची संख्याच कमी करावी.

प्रश्न : बिबवेवाडी परिसरातील शाळेत नववीला शिकवते. एक मुलगी तोंडी उत्तरे उत्तम देते, पण लेखी पेपरात अक्षरे उलटसुलट होतात आणि वेळ पुरत नाही. तपासणीविषयी सुचवले तर आई म्हणते, "प्रमाणपत्रावर दिव्यांग असे आले तर लग्नात अडचण येईल." काय करावे?

उत्तर : मॅडम, आईची भीती हसण्यावारी नेऊ नये. त्यांना आधी एवढेच सांगावे की तपासणी करून घेणे आणि प्रमाणपत्र वापरणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. तपासणीतून मुलीची अडचण नेमकी कोठे आहे ते कळते आणि "आळशी", "लक्ष देत नाही" हे शिक्के पुसले जातात. त्यांच्या परवानगीने मुलीची तोंडी उत्तरे आणि लेखी पेपर शेजारी शेजारी ठेवून दाखवावेत; अनेक पालकांना फरक तेव्हा पहिल्यांदा दिसतो.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील विशिष्ट अडचणीचा) समावेश आहे, आणि १६ ऑक्टोबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत प्रत्येक तासाला २० मिनिटे जादा वेळ आणि गरजेनुसार लेखनिक अशा सवलती मिळतात. हे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळू शकते आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते, त्यामुळे आपल्या विद्यार्थिनीचे वयही त्या टप्प्यावर आहे. दहावीचे अर्ज भरण्याच्या वेळी धावपळ करणाऱ्या पालकांना शासकीय रुग्णालयातील तारीख वेळेत मिळत नाही, म्हणून नववीतच सुरुवात करावी. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत शाळेच्या स्वतःच्या चाचण्यांत तिला जादा वेळ आणि तोंडी उत्तराची संधी देणे आपल्या मुख्याध्यापकांच्या हातात आहे. लेखनिक घ्यायचा ठरला, तर त्याच्याबरोबर दोन-तीन पेपर शाळेतच सोडवून घ्यावेत, कारण मनातले उत्तर दुसऱ्याला सांगून लिहून घेणे हेही सवयीनेच जमते.